गाडी थांबवायला शिका

उस्मानपुऱ्यात तेव्हा गाडी शिकवणारी तीन-चार दुकानं होती. सगळ्यांच्या पाट्यांवर एकच आश्वासन, अमुक दिवसांत गाडी चालवायला शिका. एका पाटीवर मात्र लिहिलं होतं, 'गाडी थांबवायला शिका'. मी शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे रस्त्यानं जाताना पाट्या तपासत चालायची खोड होती. पेंटरची चूक झाली असणार असं समजून मी आत गेले आणि सांगितलं, तुमच्या पाटीत एक शब्द चुकलाय.

आत एक उंच, सडसडीत, साठीचे गृहस्थ बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट, खांद्यावर उपरणं, आणि वर वळवलेल्या मिशा. चष्मा होता, पण तो खिशात. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चूक नाय बाई. चालायला काय, उतारावर सोडलेला धोंडा बी चालतो. बसा."

मी बसले. उठले तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी झाले होते.

त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मला गाडी शिकायची गरज पडली ती नवऱ्यामुळे. तो पैठणला धरणाच्या ऑफिसात, मी पुंडलिकनगरात भाड्याच्या घरात, आणि दर शनिवारी कुणीतरी एकानं एसटीत लोंबकळायचं. म्हणून आम्ही एक जुनी मारुती घेतली. नवरा पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या कंपाउंडात घुसला आणि मोटार ही आपल्या घराण्याची प्रकृती नव्हे, असं सांगून मोकळा झाला. उरले मी.

पहिल्या दिवशी उस्ताद मला त्यांच्या जुनाट फियाटमधून स्टेशनमागून पैठण रस्त्याला घेऊन गेले. नक्षत्रवाडी ओलांडल्यावर गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता स्टिअरिंग हातात येणार.

"उतरा," ते म्हणाले. उतरले. "आता बसा."

"कुठं?"

"रस्त्याच्या कडंला. उकिडवं बसा. समजा, तुम्ही ससा हाय."

मी स्टार्च केलेली कॉटनची साडी सावरत खडीवर उकिडवी बसले. समोरून एक ट्रक आला. मी आयुष्यात हजारो ट्रक पाहिले होते, पण ससा होऊन पाहिलेला तो पहिलाच. खालून ट्रक गाडीसारखा दिसतच नाही. एक भिंत धावत येते, तिच्या आधी वारा येतो, आणि भिंत गेल्यावर तोंडावर खडी बसते.

"काय वाटलं?" उस्तादांनी विचारलं.

"पळावं वाटलं."

"कुणीकडं?"

"ते कळलं नाही."

"सशाला बी कळत नाय. झाला आजचा धडा."

दुर्दैवानं त्याच वेळी पैठणहून एसटी आली आणि तिच्या खिडकीत आमच्या शाळेतल्या दोन मुलांच्या आया होत्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शाळेत शिक्षिकांसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलेलं आहे, याची फार हळुवारपणे आठवण करून दिली.

यावरून कुणाला वाटेल, उस्ताद म्हणजे भूतदयेचा पुतळा. तसं काही नव्हतं. त्यांना कुत्री आवडत नसत, मांजर दिसलं की ते हाड्‌हाड् करत, आणि रविवारचं मटण चुकवत नसत. गावातल्या प्राणिप्रेमी मंडळींनी त्यांना एकदा सभासद व्हायला बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, "मी प्रेमी नाय. मी शिकारी हाय."

आणि ते खरंच होतं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा उस्तादांना नुकतं मिसरूड फुटत होतं. निजाम गेला, पण बिडकीनकडची वडिलांची जमीन राहिली, दोन बंदुका राहिल्या, आणि पुढं मिलिटरीनं मोडीत काढलेली एक जीप हाती लागली. त्या जीपला ड्रायव्हर होते चाचा. तेच चाचा आता दुकानामागं गॅरेज चालवायचे आणि फियाटला जिवंत ठेवायचे. उस्तादांच्या वयाचे, मेंदी लावलेली दाढी, अंगात कायम ग्रीसचा बनियन. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सांगितलं, "क्या बोलना बाई, इनों पैले जानवराँ के पीछे गाडी भगाते थे, अब जानवराँ के वास्ते रोकते. दोनों में कमर मेरीच टूटी."

शिकारीबद्दल उस्ताद कधी बढाया मारत नसत, पण लपवतही नसत. "उजेड पडला की हरीण उभं राहतं," ते सांगायचे. "त्याला वाटतं दिवस उगवला. त्या उजेडात आम्ही त्याला मारायचो. वंगाळच काम. पण आम्हाला ठावं होतं, आपण मारायला निघालोय. आता लोक लग्नाला निघतात, देवाला निघतात, आन् वाटंत मारतात. घरी गेल्यावर बंपर वाकलेला दिसतो, तवा कळतं. ना नेम, ना पाठलाग, ना दम. ही काय शिकार हाय?"

शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा त्यांनी बंदुका जमा केल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती. "सरकारनं मपल्या दोन बंदुका घेतल्या," ते म्हणायचे, "आन् अख्ख्या जिल्ह्याला गाड्या दिल्या."

म्हणजे त्यांचा राग दयेतून आलेला नव्हता. तो एका जुन्या कारागिराला बाजारातल्या भिकार मालाबद्दल वाटावा तसला होता. आमच्यात एक डॉक्टर शिकायला यायचे. एका सकाळी त्यांनी चितेगावच्या अलीकडं एका धामणीवरून गाडी नेली आणि तशीच पुढं काढली. उस्तादांनी गाडी थांबवून घेतली, डॉक्टरांना मागं चालत नेलं आणि धामण दाखवली.

"डॉक्टरसाहेब, नेम तेज हाय तुमचा. एवढा रुंद रस्ता, चुकवायला दोन्हीकडं जागा, तरी सोडली नाय."

"अहो, साप आहे तो!"

"ती उंदीर खाती. तुम्ही काय खाता? चला, उचला."

हा त्यांचा दस्तूर होता. गाडीखाली जनावर आलं की उतरायचं, जवळ जाऊन बघायचं, आणि हातानं उचलून कडेला ठेवायचं. त्यात थोडं शहाणपणही होतं, कारण मेलेलं जनावर रस्त्यात राहिलं की ते खायला कोल्हा येतो, घार येते, आणि त्यांनाही पुढची गाडी गाठते. पण मुख्य म्हणजे मारणाऱ्यानं मारलेलं बघितलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. डॉक्टरांनी धामण उचलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते शेजारच्या दुकानात शिकू लागले आणि आठवड्यात लायसन घेऊन मोकळे झाले.

रस्ता ओलांडणाऱ्या एकेका प्राण्याचं उस्तादांनी स्वभाववर्णन करून ठेवलं होतं. आम्हाला ते पाठ करावं लागे. घोरपड एकदा निघाली की निघाली, सरळमार्गी, तिच्या मागून जावं. ससा आधी उडी मारतो, मग विचार करतो. मुंगूस अर्ध्यातून परत फिरतं, त्यामुळे त्याला पुढंही जागा ठेवायची आणि मागंही. सापाला थंडीत तापलेलं डांबर म्हणजे गोधडी वाटते. आणि एक हरीण गेलं म्हणून गाडी सोडायची नाही, मागून दुसरं असतंच. "आणि माणूस?" एकदा मी विचारलं. "माणूस दोन्हीकडं बघतो," उस्ताद म्हणाले, "आन् मग डोळे मिटून पळतो."

लायसनच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले ती टिटवीमुळे. परीक्षेच्या मैदानावर चुन्यानं आखलेल्या रेघांमधून गाडीचा आठ काढून दाखवायचा असे. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि आठाच्या खालच्या गोलाच्या तोंडाशी, नेमकं चाक जाईल तिथं, खडीत टिटवीची अंडी होती. मला दिसली नसती. पण टिटवा-टिटवी दोघं आरडाओरडा करत घिरट्या घालत होती आणि मधूनमधून तपासनीस साहेबांच्या टकलावर झेप घेत होती. साहेब फाइल डोक्यावर धरून उभे होते. मी वरचा गोल काढला, आणि खालचा गोल अर्ध्यातच सोडून गाडी बाहेर काढली.

साहेबांनी जमिनीवरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या. "मॅडम, आठ सांगितला होता. हा नऊ झाला."

उस्ताद पुढं झाले. "साहेब, तिथं अंडी हायेत."

"कुणाची?"

"टिटवीची."

"टिटवीनं ग्राउंड वापरायची परवानगी घेतली आहे का?"

मला नापास केलं. माझ्यामागून शेजारच्या दुकानाची मुलं आली. त्यांनी एकामागून एक वाटोळे, गोजिरे आठ काढले. दुपारपर्यंत टिटवीचं ओरडणं थांबलं होतं, खडीत नुसता ओला डाग उरला होता, आणि लायसन सगळ्यांना मिळालं होतं. उस्तादांनी मला स्टेशनजवळच्या हॉटेलात नेऊन जिलेबी खाऊ घातली. "बाई, नापास झाल्याबद्दल अभिनंदन," ते म्हणाले. घरी नवऱ्याला हे समजावून सांगायला मला तो रविवार पुरला नाही.

नापास झाल्यामुळे माझी शिकवणी लांबली, आणि म्हणूनच काळविटाच्या वेळी मी तिथं होते.

सकाळची वेळ. मी गाडी चालवत होते, उस्ताद शेजारी. बिडकीनच्या पुढं मागून कर्कश हॉर्न देत पाच-सहा गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. एका बड्या पुढाऱ्याचा ताफा होता. नाव सांगत नाही. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. साहेब पैठणला वृक्षारोपणाला निघाले होते.

थोडं पुढं गेलो तर ताफा रस्त्यात थांबलेला. सगळ्यात पुढच्या, साहेबांच्याच गाडीचा दिवा फुटला होता आणि कार्यकर्ते त्याभोवती गोळा होऊन, जवळचं माणूस दगावावं तसे हळहळत होते. चार पावलांवर काळवीट पडलं होतं. मोठा नर, पिळाची शिंगं. कंबर मोडली होती, आणि पुढचे पाय अजून उठायचा प्रयत्न करत होते.

उस्ताद सरळ साहेबांच्या गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केली.

एक कार्यकर्ता आडवा आला. "ओ मामा, बाजूला व्हा. साहेबांना उशीर व्हायलाय. तिकडं झाडं वाट बघायलीत."

"झाडं कुठं जात नायत," उस्ताद म्हणाले. "साहेब, उतरा."

काच खाली आली. "काय झालं?"

"तुमच्या गाडीनं काळवीट मारलंय."

"मेलं का?"

"मरायलंय. जवळ या. मारलंय तर मरताना बघा तरी."

साहेबांच्या चेहऱ्यावर आठ्या आल्या. तेवढ्यात मागच्या जीपमधून पेपरचा फोटोग्राफर उतरताना त्यांना दिसला, आणि आठ्या गेल्या. साहेब उतरले. चालत आले. काळविटापाशी एक गुडघा टेकून बसले. खिशातून रुमाल काढून डोळ्याला लावला, आणि कुठला डोळा बरा दिसेल ते नजरेनंच फोटोग्राफरला विचारलं. कुणीतरी पैठणला घालायचा झेंडूचा हार आणून जनावराच्या गळ्यात टाकला. तो शिंगात अडकला, म्हणून दोघांनी मिळून मान उचलून तो नीट बसवला. फोटो झाले. त्या हाताळण्यातच काळवीट केव्हातरी गेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात झटकले, ताफा निघून गेला.

रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. उस्तादांनी पहिल्यांदा तो हार ओढून काढला आणि नाल्यात भिरकावला. मग म्हणाले, "बाई, मागचे पाय धरा."

मी धरले. मी आजवर जिवंत कोंबडीसुद्धा हातात धरली नव्हती. ते पाय बारीक होते, कांबीसारखे, आणि अंग अजून गरम होतं. पोटाची पांढरी कातडी मऊ, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी. एवढ्याशा पायांवर एवढं मोठं जनावर उड्या मारत होतं, हे मला त्याचे पाय हातात आल्यावर कळलं. आम्ही त्याला ओढत कडेच्या बाभळीखाली नेलं. माझ्या निऱ्यांना रक्त लागलं. उस्तादांनी त्याच्या शिंगांवरून एकदा हात फिरवला, आणि बिडकीनला जाऊन आम्ही फॉरेस्टच्या माणसाला वर्दी दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'अपघातग्रस्त हरणासाठी साहेब गहिवरले'. हरणाला अपघात कशानं झाला, हे छापायला जागा पुरली नव्हती.

साहेबांना या फोटोचा फार फायदा झाला असावा. कारण महिन्याभरात त्या जागी भला मोठा फलक लागला. 'सावकाश जा, वन्य जीव वाचवा'. ही अक्षरं वाचण्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावं लागे, कारण बाकी सगळी जागा साहेबांच्या फोटोनं व्यापली होती. वन्य जीव म्हणून कोपऱ्यात एक हरीण काढलं होतं, तेही शेळीच्या वळणावर गेलेलं. उस्तादांनी फलकाच्या पुढून, मागून दोन फेऱ्या मारल्या.

"आडोसा झकास झालाय," ते म्हणाले. "ह्याच्या मागून जनावर निघालं तर रस्त्यावर येईस्तवर दिसायचं नाय. आम्ही असाच आडोसा शोधायचो."

याच सुमारास साहेबांच्या माणसांना उस्तादांची आठवण झाली. फोटोत एका कोपऱ्यात त्यांचं उपरणं दिसत होतं. फलकाबद्दल साहेबांचा सत्कार होणार होता, त्यातच त्यांनाही 'वन्यप्राणिमित्र' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. उस्ताद जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण ते गेले, आणि इस्त्रीची शेरवानी घालून गेले. मी आणि चाचा मागच्या रांगेत बसलो होतो. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि निवेदकानं उस्तादांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

उस्ताद माइकपाशी आले. "मी प्राणिमित्र नाय," ते म्हणाले. "मी लई काळविटं मारली. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना ठावं हाय. म्हणून ही शाल मला चुकून दिली असं वाटलं होतं. पण मग ध्यानात आलं, साहेबांनी बी काळवीटच मारलं, आन् सत्कार त्यांचा बी चाललाय. तवा हिशोब बरुबर हाय. आम्ही दोघं बी शिकारी. फरक एवढाच, मी माझी कबूल करतो..."

माइक बंद पडला. लगेच लाऊडस्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं. उस्ताद गाणं संपेपर्यंत सावधान उभे राहिले, मग खाली उतरले. चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, इनों बंदूक छोडे, मगर निशाना नै छोडे."

पुढचं सांगायला नको. पंधरवड्यात दुकानाची तपासणी झाली. शाळा म्हणायची तर फळा नाही, रहदारीच्या खुणांचा तक्ता नाही, प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस उघडा आहे, पाटीवरचा मजकूर दिशाभूल करणारा आहे. त्रुटी दूर होईपर्यंत शिकवणं बंद. मी आमच्या शाळेतला एक मोडका फळा मिळवून दिला, चाचांनी तक्ता रंगवला. पण पाटी बदलायला उस्ताद तयार होईनात. शेवटी पाटीवर 'चालवायला व' एवढे शब्द बारीक अक्षरात घुसडून तडजोड झाली. तोवर विद्यार्थी पांगले होते. उरलो आम्ही दोघं-तिघं. मी यथावकाश पास झाले. टिटव्या तोवर दुसरीकडं गेल्या होत्या.

पास झाल्यावरही मी त्यांच्याकडं जात राहिले. एका शनिवारी माझी मारुती चाचांच्या गॅरेजात पडली होती आणि मला पैठणला जायचं होतं. उस्ताद म्हणाले, "चला, मी सोडतो." त्या फियाटला डावीकडंही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी. ती त्यांची जागा. त्या दिवशी तिथं मी बसले आणि ते स्टिअरिंगवर.

दुपारचं लख्ख ऊन होतं. ढोरकीनच्या अलीकडं डावीकडच्या ज्वारीच्या धसकटातून एक खोकड बाहेर आलं. कोल्ह्यापेक्षा लहान, झुपकेदार शेपटीचं. ते रस्त्याच्या कडेला थांबलं, आमच्याकडं पाहिलं, आणि निघालं. मला वाटलं, उस्ताद आता गाडी हळू करतील. गाडी हळू झाली नाही. ते बोलत होते, कुठल्यातरी जुन्या विहिरीबद्दल. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. पण तोवर खालून धप्प असा आवाज आला होता.

"कामून दाबला?" उस्तादांनी विचारलं.

"उस्ताद, खोकड होतं."

"कुठं?"

"खाली आलं."

त्यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाय. खड्डा होता." आणि गाडी पुढं काढली. "तुम्हाला उशीर व्हायलाय."

ढोरकीन आलं. तिथं हॉटेलापुढं त्यांनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत, चहा सांगितला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते समोर बघत राहिले. पोऱ्या दोनदा येऊन विचारून गेला. मग त्यांनी गाडी वळवली आणि मागं आणली.

खोकड रस्त्याच्या मधोमध होतं. उस्ताद उतरले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यावर लावला. इतक्या दिवसांत मी तो त्यांच्या डोळ्यावर पहिल्यांदाच पाहिला. ते त्याच्यापाशी खाली बसले, खूप जवळून बघितलं, मग उपरण्यात गुंडाळून ते धसकटात नेऊन ठेवलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"दिसलं नाय मला बाई. लख्ख उजेडात, समोर होतं, आन् दिसलं नाय." मग म्हणाले, "आन् खोटं बोललो तुमच्याशी. खड्डा म्हन्लं. एवढ्या पोरांना शिकवलं, आन् तोंडातून पहिलं काय निघालं, तर खड्डा."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडं जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही.

सोमवारी मी त्यांना लायसनच्या कचेरीत घेऊन गेले. त्यांना लायसन परत करायचं होतं. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "हरवलंय?"

"नाय. हे काय. परत घ्या."

"मुदत संपलीय?"

"नाय."

"मग परत कसं घेणार? परत घ्यायचं तर रद्द करावं लागतं. रद्द करायला गुन्हा लागतो. गुन्हा केलाय का?"

"व्हय. खोकड मारलं."

कारकुनानं मान वर केली. "हे खोकड कोण? कुठल्या गावचे?"

"जनावर हाय."

"माणूस मेलाय का?"

"नाय."

"मग गुन्हा कसा होईल काका? तुम्ही फॉरेस्टला जा."

फॉरेस्टच्या कचेरीत म्हणाले, जनावर आमचं, पण लायसन आमचं नाही, आणि रस्ता बांधकाम खात्याचा. बांधकाम खात्यात म्हणाले, रस्ता आमचा, पण रस्त्यावर येणाऱ्याशी आमचा संबंध नाही, खड्ड्याची तक्रार असेल तर लिहून द्या. खड्डा हा शब्द ऐकून उस्ताद तिथून तडक बाहेर पडले.

शेवटी आम्ही परत लायसनच्या कचेरीत आलो. तिथं टिटवीवाले तपासनीस साहेब भेटले. आता ते बढती मिळून आत बसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून उठले. "उस्ताद, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं लायसन काढून घेऊन मी हे पाप कुठं फेडू?" त्यांनी लायसन उलटून पाहिलं. "अहो, ह्याची मुदत लवकरच संपतेय! बरं झालं आलात. तुम्हाला हेलपाटा नको, आत्ताच वाढवून देतो."

"मला दिसत नाय," उस्ताद म्हणाले.

"दाखला लागेल फक्त."

शिपायानं त्यांना दंडाला धरून बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता, या गृहस्थांना दूरचं व जवळचं उत्तम दिसतं, असं लिहून शिक्का मारला. शिपाई दाखला घेऊन आत गेला, साहेबांनी सही केली, आणि लायसन पाच वर्षांनी वाढून हातात आलं. त्या कचेरीत एवढ्या झटपट झालेलं काम मी त्याआधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. साहेब दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर आल्यावर उस्तादांनी लायसन माझ्यापुढं धरलं. "बाई, तारीख वाचा. अक्षर लागत नाय मला."

मी वाचली.

"म्हंजे तवर मला मारायची मुभा हाय," ते म्हणाले, आणि ते लायसन त्यांनी उघड्या गटारात टाकू की खिशात ठेवू, अशा विचारात हातात धरून ठेवलं. अखेर खिशात ठेवलं.

दुकान बंद झालं. फियाट चाचांनी मोडीत काढली. उस्ताद एसटीनं हिंडू लागले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि वाटेत चार वेळा "हळू!" म्हणून ओरडायचे, त्यामुळे पैठण गाडीचे कंडक्टर त्यांना येताना बघितलं की ती सीट आधीच भरून टाकत. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं, पण फार उशिरा. ते गेले तेव्हा मी पैठणला राहायला गेले होते. निरोप आल्यावर मी त्यांच्या घरी पोचले, तर चाचा ओट्यावर बसले होते आणि आत मुलगा वडिलांच्या पेटीतल्या वस्तू काढून बघत होता. त्यात ते लायसन निघालं. मुलानं तारीख पाहिली.

"अजून मुदत हाय की ह्याला," तो म्हणाला. "चाचा, कचेरीत नेऊन जमा करावं लागंल का?"

चाचांनी ते त्याच्या हातातून घेतलं, बनियनला पुसलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.

"नक्को बेटा," ते म्हणाले. "वो लोगाँ और पाँच साल बढा देते."